ठिपका हलेना

सखूबाई भित्री होती. तोंडावर म्हटलं तरी तिला राग येत नसे. पदराचं टोक दातात धरून हसायची आणि म्हणायची, "हौ, हाय मी भित्री. मग? शूरांना काय भाकर जास्ती मिळती?"

आणि भीती तरी कशाकशाची! गॅस पेटवताना तोंड तिसरीकडे. लिफ्ट दिसली की गुडघे ठणकत असतानाही जिना. हैदराबादेत मलकपेठेला, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत तिचं घर. सकाळी घोडे फिरवायला रस्त्यावर आणत, तेव्हा ही बाई हातातल्या दुधाच्या पिशवीसकट दिसेल त्या दुकानात शिरायची. एकदा अशीच न्हाव्याच्या दुकानात शिरली आणि अर्धी दाढी झालेल्या गल्लीतल्या एकनाथरावांच्या शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसून राहिली. कोठीच्या बाजारात रस्ता ओलांडायचा म्हणजे तर अख्खा नाट्यप्रयोगच. आधी कडेला उभं राहून डावीकडं-उजवीकडं बघायचं, मग कुणीतरी धडधाकट बाई हेरायची, तिच्या सावलीत शिरायचं आणि "अगं माय, अगं माय" करत पलीकडं पोचायचं. पोचल्यावर चेहऱ्यावर असा प्रकाश की बघणाऱ्यानं टाळी द्यावी.

याच बाईनं एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया म्हणून सगळी उमेदीची वर्षं घालवली होती. तिथं मात्र ती कधी डगमगली नाही म्हणतात. कुणी त्याचं कारण विचारलं तर सांगायची, "दुसऱ्याला भ्यालेलं पाहिलं की माझं भ्या जरा बाजूला सरकून बसतंय. जात नाही कुठं. बाजूला बसतंय."

सगळ्या भीतींत थोरली भीती उन्हाची. ती देगलूरकडच्या एका खेड्यात जन्मली. बहात्तरच्या दुष्काळात सगळं घर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचं. थोरला भाऊ लिंबाजी, नुकतं मिसरूड फुटलेला, अंगापिंडानं तगडा, तिथं एका दुपारी ऊन लागून गेला. सखू तेव्हा परकर-पोलक्यातली. तिच्या डोळ्यांदेखत गेला. पुढं लग्न होऊन ती हैदराबादेत आली. नवरा तातेराव विजेच्या खात्यात. घर पगारी झालं, भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली, डोक्यावर पंखा फिरू लागला, मग कूलर आला. पण उन्हाळा लागला की ती आजही खिडक्यांना ओल्या चादरी बांधते आणि भर दुपारी कुणी चपला शोधू लागलं की उंबऱ्यात आडवी उभी राहते.

अशा बाईच्या पोटी दीक्षा जन्माला यावी!

दीक्षा कोठीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या नोकरीत. अंगानं वाळकी, जिभेनं तिखट. तिचं पळणं सुरू झालं तेही बापापायी. तातेरावांना साखर निघाली, डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं. तातेराव एकटे जाईनात म्हणून दीक्षा सोबत निघाली. तातेरावांनी दोनच दिवसांत गुडघ्याचं निमित्त काढून परत अंथरूण गाठलं. दीक्षा जी निघाली ती थांबलीच नाही. आधी रेसकोर्सला वळसा, मग हुसेनसागराला, मग शहराबाहेरच्या खडकाळ माळांवर. मॅरेथॉन झाली. सखूला वाटलं, चला, हौस फिटली. तर एके दिवशी लेकीनं सांगितलं की मॅरेथॉनहून लांब पळतात, त्याला अल्ट्रा म्हणतात.

"म्हणजे पळणं संपल्यावर परत पळायचं?"

"हौ."

"मागं कोण लागतंय?"

"कुणीच नाही."

"मग पुढं कोण हाय?"

"आई, तुला नाही कळायचं."

"मला नाहीच कळायचं. तुला तरी कळलंय का, ते बघ."

आणि मग ओमानची शर्यत आली. वाळवंटातून निघायचं आणि डोंगरावर संपवायचं, दोन दिवस आणि मधली रात्र. तिच्या तयारीसाठी दीक्षा मे महिन्यात भर दुपारी दोन-दोन स्वेटर चढवून मौला अलीच्या डोंगराच्या पायऱ्या चढत-उतरत असे. घामानं निथळत गल्लीत शिरली की कोपऱ्यावरचा पानवाला सखूला हाक मारायचा, "क्या अम्मा, छोकरी कू ठंड बजरी क्या?" सखूला त्याचं हसू कळायचं नाही. तिच्या डोळ्यांपुढं दुसरंच काही उभं असायचं.

निघायच्या दिवशी सखूनं लेकीला ताटावर बसवलं. भात वाढला, परत वाढला, तिसऱ्यांदा पळी पुढं केली तेव्हा दीक्षानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले. "चालु गं आई, चालु! विमान उचलायचं नाही मला घेऊन."

"ऊन किती असतंय तिथं?"

"आपल्या मे महिन्याएवढंच."

"पण दीक्षाताई, तिथं तर वाळूच इतकी तापते की..." सून तेजश्रीनं तोंड उघडलं. नणंदेनं डोळे वटारले तसं तिनं ते मिटलं. पण सखूनं ऐकायचं ते ऐकलं होतं.

*

शर्यतीच्या लोकांनी पळणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर एक यंत्र बांधलं होतं. ते यंत्र आकाशाला खबर द्यायचं आणि आकाश तेजश्रीच्या मोबाइलला. नकाशावर पिवळी वाळू, तिच्या टोकाला तपकिरी डोंगर आणि मधे एक निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे दीक्षा. तेजश्रीनं मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून टेबलावर उभा केला होता आणि सखू त्याच्यापुढं खुर्ची ओढून बसली होती ती उठेचना. पिवळ्यातून ठिपका सरकत होता. मुंगी सरकावी तसा. सखू मधूनच पदरानं मोबाइलची काच पुसायची. तातेराव म्हणाले, "अगं, तिच्या कपाळाचा घाम नाही तो."

दुसऱ्या दिवशी दुपारी, सखू बळेबळे दोन घास गिळत होती, तेव्हा फोन आला. तन्वीचा. तन्वी ही दीक्षाची पळण्यातली मैत्रीण, पुण्याची. ती शर्यतीत नव्हती. ठिकठिकाणी तंबूंच्या चौक्या होत्या, तिथं गाडीनं पुढं जाऊन दीक्षाला पाणी, बर्फ, मीठ द्यायचं, हे तिचं काम. हैदराबाद तिनं पाहिलं नव्हतं आणि सखूशी आजवर फोनवर दोन-चार शब्दच बोलली होती.

"काकू, घाबरू नका हं."

या वाक्यानं घाबरली नाही अशी आई अजून जन्मायची आहे. सखूच्या हातातला घास ताटात पडला.

"दीक्षा डोंगराच्या पायथ्याशी पोचलीये. इथून चढ सुरू. पायांना फोड आलेत, दोनदा उलटी झाली. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, जाऊ शकते. पण ती नुसतीच बसून आहे, काकू. बर्फात पाय घालून. म्हणते, आईला विचार काय करू."

आईला विचार! उभ्या जन्मात या मुलीनं आईला विचारून काही केलं नव्हतं. तेवढ्या एका गोष्टीनं सखू खुर्चीतून उठलीच.

"थांब म्हणावं तिला! बास झालं, घरी ये म्हणावं..."

"काकू? आवाज तुटतोय..."

"थांब म्हणते मी! चालु! चालु म्हणावं!"

"काय म्हणालात? काय सांगू?"

"चालु गं माय, चालु!" सखू असं ओरडली की गल्लीतलं कुत्रं भुंकलं.

"हां, हां! आलं ऐकू! सांगते!" आणि फोन तुटला.

सखूनं डोळे मिटले. एक लांब श्वास सोडला. तांब्या तोंडाला लावून गटागटा पाणी प्यायली. "झालं," ती नवऱ्याला म्हणाली. "थांबली माझी बाई. आता चहा ठेवा तुम्ही, माझ्या हातातलं बळ गेलंय." तातेरावांनी बायकोच्या हुकमावरून चहा ठेवला, ही त्या घरातली मोठीच घटना. आधण उकळलं, चहा गाळला, बशीत ओतला. सखूनं पहिला घोट घेतला, तेवढ्यात तेजश्री म्हणाली,

"आत्या, ठिपका हलला."

"गाडीनं नेत असतील."

"डोंगरात गाडी जात नाही, आत्या."

तिघांची डोकी मोबाइलवर वाकली. निळा ठिपका पिवळं सोडून तपकिरीत शिरला होता. तेवढ्यात मोबाइलनं टुंग केलं. तन्वीनं आपला आवाज भरून पाठवला होता. तेजश्रीनं तो लावला.

"काकू, काय ग्रेट आहात तुम्ही! मी नुसतं सांगितलं, 'आई म्हणाल्या चालू', तर दीक्षा हसली, उठली आणि निघालीसुद्धा! आता मी पलीकडच्या रस्त्यानं वरच्या चौकीकडं निघतेय. रस्ता लांबचा आहे, मधे रेंज नसेल. काळजी करू नका!"

सखूनं बशी खाली ठेवली.

"चालू म्हणजे पुण्याकडं काय गं?" सखूनं अगदी बारीक आवाजात विचारलं.

उत्तर तातेरावांनी दिलं. "सुरू. नळ चालू, पंखा चालू. चालू ठेव म्हणजे थांबू नको."

"आन् आपल्याकडं?"

आपल्याकडं! आपल्याकडं तो शब्द कधीकाळी शेजारच्या तेलुगू घरातून, ताटांच्या देवाणघेवाणीत, पप्पूच्या, म्हणजे त्यांच्या वरणाच्या, वाटीबरोबर सखूच्या स्वयंपाकघरात आला होता. चालु म्हणजे पुरे. आणखी नको. तो आला आणि घरचाच झाला. पोरं तो बोलतच मोठी झाली. हा शब्द आपल्या मराठीतला नाही, याची चाळीस वर्षांत कुणाला आठवणही राहिली नव्हती. पुण्याच्या पोरीनं काय समजावं? तिनं भल्या मनानं तो उचलला आणि तसाच्या तसा पोचवला.

"अगं, नक्को म्हणाली असतीस तरी कळलं असतं तिला!" तातेराव कळवळून म्हणाले.

"तोंडात आलं ते बोलले! भ्यालेलं माणूस डिक्शनरी बघून बोलतंय का?"

"पण चालु?"

"तुम्ही का नाही घेतला फोन? तुमची तर मराठी लई शुद्ध!"

भांडण एवढ्यावरच मिटलं, कारण सखूचा खालचा ओठ थरथरायला लागला होता. आपल्याच तोंडच्या शब्दानं आपण पोरीला उन्हात डोंगरावर ढकललं. तिनं फोन लावला. तन्वीला लागेना, दीक्षाला लागेना. दर वेळी कुणीतरी बाई अरबीत काहीतरी सांगायची. "काय म्हणती ती?" सखू विचारायची. "फोन बंद हाय म्हणती," तेजश्री सांगायची. "एवढं लांबलचक बोलायलीय ती! आणखी काहीतरी म्हणती. नीट ऐक की!" तेजश्री बिचारी परत कान लावायची.

ठिपका चढत होता. मग सावकाश चढू लागला. मग थांबला.

"दम खात असेल," तातेराव म्हणाले.

ठिपका थांबलेलाच. मागून दुसरे दोन ठिपके आले, एक हिरवा, एक लाल. ते निळ्याच्या अंगावरून पुढं गेले. निळा तिथंच.

"यंत्र दर थोड्या वेळानं खबर देतंय. एकदम नाही हलत ते."

"हिरवा कसा हलला मग?"

तातेरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. सखू उठली, तसबिरीपुढं मेणबत्ती लावायला गेली, पण काडी वातीला लागेना. शेवटी तेजश्रीनं तिचा हात धरून वात पेटवली. बाहेर मलकपेठेची दुपार तव्यासारखी तापली होती. सखू चादर बाजूला सारून खिडकीतून त्या उन्हाकडं बघत राहिली. इथं असं, तर तिथं कसं? आणि डोंगर म्हणजे नुसता दगड. दगड तापला की ऊन खालूनही लागतं, हे खडीवर बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ती वळली. परत खुर्चीत बसली. ठिपका हलेना.

मग फोन वाजला. काचेवर दीक्षाचं नाव.

"आई."

"कुठं हायस तू?"

"बसलेय."

"कुठं?"

"दगडापाशी."

"पाणी हाय का जवळ?"

"हो आई."

"तंबू किती लांब हाय?"

"दिसतोय. वर. पांढरा."

"सावलीत हायस का?"

"होती सावली. सरकली."

"हे बघ, त्या यंत्राला लाल बटण हाय म्हणाली होतीस ना? संकट आलं तर दाबायचं? ते दाब. दाब लगेच."

"बरं आई."

दीक्षा आणि बरं!

लिंबाजी असाच बोलला होता. लिंबाजी भांडकुदळ. मुकादम त्याला वकील म्हणायचा. कुणी पूर्व म्हटलं की हा पश्चिम म्हणणार. त्या दुपारी मात्र आई म्हणाली, जरा बस, तर म्हणाला, बरं. पाणी पी. बरं. धाकट्या सखूनं संधी साधून म्हटलं, दादा, तुझी गोफण मला दे. तर तेही, बरं. सखूला केवढा आनंद झाला होता! त्यानंतर लिंबाजी काही बोललाच नाही.

"दाबलंस का बटण?"

"हो आई."

सखूनं सुनेकडं पाहिलं. तेजश्रीनं मान हलवली. बटण दाबलं असतं तर ठिपक्याभोवती लाल कडं आलं असतं. कडं नव्हतं. पोरगी नुसती हो म्हणत होती. तिला आपण काय बोलतोय याचा पत्ता नव्हता.

आता काय झालं ते तातेराव पुढं कित्येक दिवस लोकांना सांगत. बायकोचा ओठ कापायचा थांबला म्हणे. तिनं पदर कमरेला खोचला, फोन कानाला घट्ट लावला आणि नळावर भांडायला उभी राहिल्यासारखी उभी राहिली.

"बरं झालं बसलीस ते. मला ठाऊकच होतं तुझ्यानं काही होणार नाही."

"हो आई."

"चिक्कडपल्लीची भामाआत्या म्हणतच होती. ही पोरगी नुसती फोटो काढायपुरती पळती."

श्वास तेवढा ऐकू येत होता, कोरडा, खरखरीत.

"ऐकायलीस का? तुझी ती पदकं तेजश्रीनं भंगारवाल्याला घातली."

तेजश्रीचा आ वासला. सखूनं हातानंच तिला गप्प केलं.

"आन् तुझे ते निळे बूट मी पानवाल्याच्या पोराला देऊन टाकले."

मग, फार लांबून आल्यासारखं, "कुठले?"

"निळे."

"निळे?"

"हौ. उगीच पडून होते पलंगाखाली."

"पडून नव्हते. ठेवले होते."

"ठेवले काय आन् पडले काय. जागा अडवत होते."

"आई, नवे बूट आहेत ते!" आवाजाला धार आली. बारीकशी, पण आली. "एकदाच घातले होते!"

"मग त्या पोराचं नशीब चांगलं."

"तुला कितीदा सांगितलंय माझ्या वस्तूंना हात लावू नको म्हणून!"

"लावला. काय करशील?"

"लहानपणापासून हेच! माझी चित्रांची वही त्या वॉचमनच्या मुलीला दिलीस, माझा फ्रॉक..."

सखूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र कोयत्यासारखा. "बसून काय भांडायलीस? हिंमत असली तर उभी राहून भांड!"

"उभीच आहे मी!"

"खोटं. बसूनच हायस."

"राहिले म्हटलं ना उभी!" आणि खरंच, फोनमधून दगड घरंगळल्याचा आवाज आला.

"मला नीट ऐकू येईना. तिथं रेंज नाही. वर तंबू हाय म्हणालीस, तिथं जाऊन बोल."

"जातेच आहे. आणि ऐक, फोन ठेवू नकोस. आज सगळं बोलणार आहे मी."

आणि ती बोलली. एकेक पाऊल टाकत, धापा टाकत, आईनं आयुष्यभर केलेला एकेक अन्याय ती मोजून काढत होती. सहलीला पाठवलं नाही. पोहायला शिकू दिलं नाही. सायकल घेतली ती गल्लीबाहेर नेऊ दिली नाही. सखू प्रत्येक आरोपाला उलटं उत्तर देत होती, म्हणजे पुढचा आरोप लवकर यावा. मधेच दीक्षा म्हणाली,

"आणि तू चालु म्हणालीस ते कळलं होतं मला."

"कळलं होतं? मग निघालीस कशाला?"

"तन्वीला नव्हतं कळलं. मला निघायला तेवढंच पुरलं."

तेवढ्यात तेजश्री किंचाळली, "आत्या, हलला! हलला!" निळा ठिपका तपकिरीत वर सरकला होता. थोडा. मग आणखी थोडा. फोनमध्ये माणसांचे आवाज आले, कुणीतरी इंग्रजीत ओरडलं, कुणीतरी दीक्षाला धरलं असावं. फोन बंद झाला.

सखू खुर्चीत बसली नाही, कोसळली. "बूट," ती म्हणाली. "पलंगाखाली बघ गं, हायेत ना?"

"आहेत, आत्या."

"राहू दे. हात नको लावू."

*

बऱ्याच वेळानं फोन आला तेव्हा दीक्षाचा आवाज माणसात आला होता. तंबूत बर्फ लावला होता, सलाईन न देता मिठाचं पाणी घोट-घोट पाजलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडं झोप. अंगातला ताप उतरला, पाणी पोटात राहिलं, तर पुढं जायला हरकत नाही. ऊनही उतरेल. शेवटचा चढ तेवढा राहिलाय. आणि वेळही हातात आहे.

"आई, काय करू?"

या वेळी आवाज स्वच्छ येत होता. मधे तन्वी नव्हती, वारा नव्हता. तातेराव समोर उभे राहून ओठांनी सांगत होते, थांब म्हण, थांब म्हण. सखूला आपल्याच शब्दाची धास्ती बसली होती. तो निघतो एक आणि पोचेपर्यंत होतो दुसराच. थांब म्हटलं, की ही हट्टानं निघणार. जा म्हटलं आणि वर काही झालं, तर?

"मला नको विचारू," ती म्हणाली.

"का?"

"मी थांबच म्हणणार. तू म्हातारी झालीस तरी थांबच म्हणणार. माझ्यापाशी दुसरं काही नाही. तुला ते ठाऊक हाय, म्हणून तू विचारतीस. आता नाही सांगत मी. तुझं तू बघ."

तिकडून "बरं," असं तुटक उत्तर. पण या 'बरं'मध्ये राग होता, आणि त्या रागानं सखूला दिलासा वाटला.

ऊन उतरलं. खिडकीवरची चादर तेजश्रीनं काढली. गल्लीत भाजीवाल्याची आरोळी आली, पोरांचं क्रिकेट सुरू झालं. तातेरावांनी पाय लांब केले आणि म्हणाले, "आता काय, झोपली असेल शहाण्यासारखी." सखू मोबाइलपुढून हलली नाही. तंबूच्या जागी निळा ठिपका. हिरवा कधीच शिखराशी पोचला होता. पिवळा एक आला, तंबूशी थांबला आणि पुढं निघाला. एक जांभळा आला, तोही निघाला.

दुपारी ठिपका हलला नाही म्हणून जीव जात होता. आता पोरगी सावलीत होती, माणसांत होती, हललं नाही तर चांगलंच होतं. मग आपण बोटानं काचेवर त्याला वर का ढकलतोय? तिनं बोट मागं घेतलं, कुणी पाहिलं की काय म्हणून इकडंतिकडं बघितलं.

दिवे लागून बराच वेळ झाला तेव्हा फोन आला.

"आई, थांबले मी. छातीवरचा नंबर काढून दिला."

"का?"

तातेरावांच्या हातातला चमचा खणकन खाली पडला. सखूलाही आपल्या तोंडून काय निघालं ते ऐकून दचकायला झालं.

"का म्हणजे?" दीक्षा म्हणाली. "तू विचारतीस, का?"

"विचारते. सांग."

दीक्षाचा आवाज हळू झाला. "बूट घातले. तंबूच्या तोंडाशी गेले. समोर चढ दिसत होता, वर जाणाऱ्यांचे कपाळावरचे दिवे दिसत होते. पाय उचलला. आणि भ्याले, आई. इतकी भ्याले की परत आत येऊन बसले. तू थांब म्हणाली असतीस ना, तर तुझ्यावर चिडून तरी गेले असते."

सखूनं विचारलं, "किती राहिलं होतं गं?"

"थोडंच."

"थोडंच म्हणजे?"

"आपल्या घरून चारमिनारला जाऊन परत येण्याएवढं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग रड आता. एवढ्या जवळ जाऊन राहिलं म्हटल्यावर रडू येणारच. रडून घे."

"रडत नाहीये मी."

"बरं, नको रडू."

आणि मग दीक्षा रडली. लहान पोर रडतं तशी, नाक ओढत, मधेच थांबून, परत. इकडं तातेराव ताट वाढून उभे होते, तेजश्री खुणेनं विचारत होती, काय झालं, काय झालं. सखूनं दोघांनाही हातानं थोपवलं आणि "हं," "हं," एवढंच म्हणत ऐकत राहिली. फोन तापून कानाला चटके बसायला लागले, तेव्हा तिनं तो दुसऱ्या कानाला लावला.